आंबा-काजूच्या धंद्यात माणूस घेताना मी काय बघते

वैभववाडीकडच्या एका मुलाने विचारलंय: "काकी, बीएस्सी ॲग्री होऊन वर्ष होत आलं. दोन ठिकाणी मुलाखत झाली, दोन्हीकडे 'अनुभव नाही' म्हणून परत पाठवलं. आंबा, काजू, कॅनिंग, नर्सरी, कुठेही काम करायची तयारी आहे. मालक लोक नेमकं बघतात तरी काय? इंग्रजी, कॉम्प्युटर, की ओळख?"

कुडाळच्या पट्ट्यात आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे, हंगामात आंब्याचा पल्प काढतो आणि घरची कलमंही आहेत. माणसं घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, तेव्हा माझ्यापुरतं सांगते. ओळख तुला दारापर्यंत आणेल, हे खोटं नाही. पण एप्रिलमध्ये क्रेट उन्हात राहिले तर ते कोणाच्या भाच्याने ठेवले होते म्हणून आंबा थांबत नाही. इंग्रजी औषधाच्या लेबलापुरतं यावं, एक्सेल आठवड्यात शिकता येतं. मी बघते ती गोष्ट वेगळी आहे. काम बिघडलं तर हा मुलगा ते मला कधी सांगेल? त्याच दिवशी, की गिऱ्हाईकाचा फोन आल्यावर?

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून जरा फोडून सांगते.

पल्पच्या लाइनवर प्रत्येक बॅचचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, मोजून रजिस्टरमध्ये लिहायचा असतो. रेफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला, आकडा वाचला, लिहिला, एवढंच काम. कधी कधी मी रजिस्टर उघडते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळीकडे १६.५, १६.५, १६.५. असं रजिस्टर दिसलं की मला घाम फुटतो. आंबा देवगडचा वेगळा, वेंगुर्ल्याचा वेगळा, एकाच बागेतला पहिल्या तोड्याचा आणि शेवटच्या तोड्याचा वेगळा. आकडा दिवसभर जागचा हललाच नाही तर कोणीतरी दुपारच्या जेवणाआधीच रकाने भरून ठेवलेत. याउलट ज्याच्या रजिस्टरमध्ये १७.२, १६.१, मग एक १५.४ आणि त्यापुढे तिरक्या अक्षरात "कच्चा माल मिसळला, बॅच बाजूला ठेवली, काकींना फोन केला ११.२०" असं लिहिलेलं असतं, तो पोरगा मला पुढच्या वर्षीही हवा असतो. अक्षर कसंही असू दे.

बागेतही तेच. औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. समजा फवारणीवाल्याने चुकून काढणीला आलेल्या तुकड्यावर पंप मारला. संध्याकाळी कळलं तर आम्ही त्या कलमांना खूण बांधतो, काढणी पुढे ढकलतो, विषय संपला. तीन दिवसांनी कळलं तर तो आंबा चार लॉटमध्ये मिसळून पेट्यांत गेलेला असतो आणि मग कुठला बाजूला काढायचा हे कोणालाच सांगता येत नाही. चूक तीच, पण वेळेवर कळली नाही की तिची किंमत कैक पटीने वाढते.

निर्यातीच्या मालात हे आणखी कडक असतं. मालात फळमाशी सापडत राहिली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, ऐन हंगामात. ती उठायला जानेवारी २०१५ उजाडला. अमेरिकेला माल जायचा तर विकिरण लागतं, जपानला जायचा तर उष्ण बाष्पाची प्रक्रिया. पण यंत्रापर्यंत फळ जाण्याआधी ते कोणाच्या तरी हातातून गेलेलं असतं. फळमाशीचा डंख सुईच्या टोकाएवढा असतो, त्यावर कधी चिकाचा बारीक थेंब सुकलेला दिसतो. दिवसाच्या शेवटी, पाठ मोडलेली असताना, तेवढा थेंब बघून फळ बाजूला काढणारा आणि वर "आज त्या वरच्या तुकड्यातून असे जास्त आले" असं सांगणारा माणूस मला लागतो. नुसतं बाजूला काढून गप्प बसलेला अर्ध्याच कामाचा. वरच्या तुकड्यात रक्षक सापळे (फळमाशी पकडायचे) कमी पडलेत हे मला त्याच्याकडूनच कळणार ना!

आता नजर. तुला अनुभव नाही म्हणाले, त्याचा अर्थ बहुतेक हाच की तुझी नजर तयार नाही असं त्यांना वाटलं. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या मुलाला मी खुर्चीवर फार वेळ बसवत नाही. मार्च-एप्रिल असेल तर एक क्रेट समोर ठेवते आणि सांगते, यातला चौदा आणे वेगळा काढ. चौदा आणे म्हणजे काढणीला तयार, बारा आणे म्हणजे अजून कोवळा. क्रेटमध्ये मुद्दाम थोडा बारा आणे असतो, एखादा झाडावरच पिकायला लागलेला असतो, एखाद्याला देठच नसतो. मी बघते हात कसा फिरतो. काही जण नुसता रंग बघतात. जाणता मुलगा फळ आडवं धरून देठाकडचे खांदे बघतो, ते भरून वर आलेत का, देठाशी खळगा पडलाय का. देठ नसलेलं फळ तो वेगळंच ठेवतो, कारण चीक सालीवर ओघळला की तिथे काळा डाग पडतो. शंका आली तर एखादा पोरगा इकडे तिकडे बघत म्हणतो, "काकी, बादलीत पाणी मिळेल?" तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. हे पुस्तकात आहे, सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण पाणी मागायचं सुचतं ते थोड्यांनाच. सगळा क्रेट बरोबर लावला नाही तरी चालतं मला. "या तिघांचं मला कळत नाहीये" असं म्हणून तीन फळं तिसऱ्या जागी ठेवणारा मुलगा मी लगेच घेते.

आणि साका. हापूस विकणाऱ्याचं जन्माचं दुखणं. वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं, काढल्यावर उन्हात तापलं की प्रमाण वाढतं. म्हणून काढणी सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून, आणि क्रेट थेट सावलीत. आता हे गड्यांना तोंडाने सांगून होत नाही. साडेदहाला क्रेट उन्हात दिसले तर सुपरवायझर ओरडत बसतो की स्वतः एक उचलून कलमाखाली नेतो, हे मी लांबून बघत असते. पहिला उचलला गेला की बाकीचे आपोआप उचलले जातात.

माणसांशी वागणं हा भाग कॉलेजात शिकवत नाहीत आणि बहुतेक नवी मुलं इथेच आपटतात. आमच्याकडे बागेत राखणीला आणि फवारणीला नेपाळी कामगार, काढणीला गावचे गडी, काजूच्या टेबलावर बायका, त्यातल्या अर्ध्या तुझ्या आईच्या वयाच्या. हिंदी यायला हवी, मालवणी कळायला हवी आणि कोणाला काय हाक मारायची हे पहिल्या दिवशी विचारून घ्यायला हवं.

काजूच्या सोलणीचं सांगते. सोलणीच्या टेबलावर काचेची बांगडी फुटली तर तुकडा काजूगरांत जातो. मेटल डिटेक्टर लोखंड पकडतो, काच नाही. म्हणून बांगड्या घालून बसायचं नाही हा नियम. एका नव्या सुपरवायझरने आल्या आल्या फर्मान काढलं, सगळ्यांनी बांगड्या काढून ठेवा. टेबलाच्या टोकाची काकी उठून उभी राहिली. "माझो घो जितो आसा, काकणा कित्याक काढू?" आणि तिच्यामागोमाग सगळं टेबल उठलं. दोन तास काम बंद. पुढे कृषी पदविका झालेली एक मुलगी त्या जागी आली. तिने आधी आठवडाभर काही म्हटलंच नाही, बायकांबरोबर बसून सोलणी केली. मग मनगटाला इलॅस्टिक असलेले लांब बाह्यांचे ॲप्रन शिवून मागितले आणि पहिला स्वतः घातला, बांगड्या आत. वर एक पद्धत बसवली: येताना हातातल्या बांगड्या मोजून वहीत लिहायच्या, जाताना पुन्हा मोजायच्या. एखादी कमी भरली तर त्या टेबलाचा त्या दिवसाचा माल बाजूला. बायकांना त्यात गंमत वाटली, एकमेकींच्या बांगड्या त्याच मोजायला लागल्या. ती मुलगी बारावीला काठावर पास झालेली होती. आज आमचं पॅकिंग तीच बघते.

रजेचंही याच्यातच येतं. बाहेरच्या कंपन्यांना हे कळत नाही, पण इथल्या मालकाला माहीत असतं की शिमगा मार्चमध्ये येतो, म्हणजे पहिला आंबा निघायला आणि रोंबाट (शिमग्याची मिरवणूक) निघायला एकच गाठ. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर तिथीवर ठरतही नाही, जाहीर होईल तेव्हा खरी. कोणी सणाला जाऊ नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः जाते. मी बघते की फेब्रुवारीतच कोण येऊन सांगतो, "काकी, पालखी आमच्याकडे अमुक दिवशी, मी दोन दिवस नाही, ड्रायरवर तोवर हा बसेल, त्याला दाखवून ठेवलंय." आणि कोण आदल्या रात्री फोन बंद करतो. दुसरा कितीही हुशार असला तरी हंगामाचं काम त्याच्या भरवशावर टाकता येत नाही.

हिशेब यायलाच हवा. मोठं गणित नाही. मी दोन प्रश्न विचारते. पहिला कल्टारचा, म्हणजे मोहोर यावा म्हणून कलमाच्या मुळाशी घालायच्या औषधाचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस कलमाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटर ३ मिली अशी आहे. कलमाचा विस्तार पूर्व-पश्चिम ९ मीटर आणि दक्षिण-उत्तर ७ मीटर, तर किती? सरासरी ८ मीटर, म्हणजे २४ मिली. बहुतेकांना जमतं. मग मी विचारते, कलम रोगट आहे, फांद्या वाळतायत, मग किती? इथे बरीच मुलं पुन्हा गुणाकार करायला लागतात. अशा कलमाला कल्टार घालायचंच नाही, आधी त्याला खत-माती करून उभं करायचं, हे उत्तर यायला कागदावरून नजर उचलून झाडाकडे बघावं लागतं.

दुसरा प्रश्न काजूचा. ८० किलोच्या पोत्यातून वेंगुर्ला-४ या जातीच्या बीचा उतारा (बीतून निघणारा गर) ३१ टक्के धरला तर गर २४-२५ किलो भरायला हवेत. भरले २१. काय झालं? "चोरी" हे उत्तर मला सगळ्यात लवकर ऐकायला मिळतं आणि सगळ्यात कमी आवडतं. बी नीट सुकलेलं नसेल तर वजनात पाणी होतं. गावठी बी मिसळलं असेल. वाफ कमी-जास्त लागली असेल तर कटिंगला गर टरफलाला चिकटून जातो. प्रश्न विचारत विचारत मागे जाणारा मुलगा असेल तर तो विचारतो, "काकी, तुकडा किती निघाला? पाकळी (दोन भाग झालेला गर) किती?" अख्खा कमी आणि तुकडा जास्त असेल तर दोष वाफेत किंवा कटिंगमध्ये शोधायचा. डब्ल्यू ३२० ही अख्ख्या काजूगराची प्रत, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, हे पाठ असलं तर बरं, नसलं तर ग्रेडिंगच्या टेबलावर दोन दिवसांत पाठ होतं.

नोंदीचं महत्त्व मी वर सांगितलं, पण त्यातला एक भाग राहिला. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. शेवटचा आंबा झाडावर होता, तो जमिनीवर आला, जुनी कलमं मुळासकट उलटली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आधी कोयता घेतला, रस्ता मोकळा करायला, आणि ते साहजिकच होतं. आमच्या बागेतला एक मुलगा मात्र आधी मोबाइल घेऊन फिरला. पडलेल्या प्रत्येक कलमाला चुन्याने नंबर टाकला, नंबरासकट फोटो काढला, वहीत वय आणि तुकडा लिहिला, मग म्हणाला, आता तोडा. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले तेव्हा आमचा कागद तयार होता. शेजारच्या बागेत तोवर लाकडं झाली होती, आता कुठलं कलम होतं आणि कुठला ओंडका, काय दाखवणार? (विम्याला हे फोटो चालतील असं मात्र धरून चालू नको. आंबा-काजूचा फळपीक विमा हवामानावर आधारित आहे, तो मुख्यतः महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतो. पंचनामा लागतो तो सरकारी मदतीसाठी. मुलाखतीत हा फरक सांगितलास तर समोरचा मालक खुर्चीत सरळ होऊन बसेल.)

पडलेल्या आंब्याचंही त्याने असंच केलं. फुटलेला, चिखल आत गेलेला वेगळा, नुसता आपटलेला वेगळा. कॅनिंगला काय चालेल ते त्याने ठरवलं नाही, दोन ढीग करून मला विचारलं. नव्या माणसाने किती निर्णय स्वतः घ्यावेत याचं माझ्या मते हेच माप आहे: माल हलवायचा, सावलीत न्यायचा, वेगळा करायचा हे न विचारता, गिऱ्हाईकाकडे जायचं की नाही हे विचारून.

तुझ्या डिग्रीबद्दल. ती कमी नाही, पण मालकाला ती कुठे लावायची ते तू दाखवावं लागतं. शेवटच्या वर्षाला रावेसाठी, म्हणजे शेतकऱ्यांकडे राहून करायच्या कामाच्या अनुभवासाठी, गावात राहिला असशील ना? तिथे काय केलंस ते विचारलं तर "शेतकऱ्यांना मार्गदर्शन केलं" असं सांगू नको. कोणाच्या बागेत तुडतुडे किती दिसले, काय सुचवलं, त्याने ऐकलं की नाही, पुढे काय झालं, एवढंच सांग. ऐकलं नाही असं असेल तर तेही सांग. माझ्यासमोर एका मुलाने सांगितलं होतं की शेतकरी म्हणाला, "मोहोर माझो, पैसे माझे, तू गप ऱ्हव," आणि मग तो मुलगा रोज संध्याकाळी त्याच्याकडे नुसता बसायला गेला. दहाएक दिवसांनी शेतकऱ्यानेच भुरी रोगाचं पान आणून दाखवलं. त्याला मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

आता एक गोष्ट उलट्या बाजूने. मालक तुला बघतो तसा तूही मालकाला बघ. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. तरी बाहेरचा आंबा देवगडच्या खोक्यात भरणारे लोक आहेत आणि ते काम नव्या पोरांकडून करून घेतात, कारण नवा पोरगा प्रश्न विचारत नाही. असं खोकं समोर आलं तर तिथे दुसरा हंगाम करू नको. तिथे तू जे शिकशील ते पुढे कुठल्याच चांगल्या ठिकाणी सांगता येणार नाही. कार्बाइडची पुडी दिसली तरी तेच, त्यावर बंदी आहे. पिकवायला इथिलीन चालतं, तेही ठरलेल्या मर्यादेत. फवारणीला हातमोजे-मास्क देत नसेल, काजूच्या टरफलातल्या तेलाने कटिंगवाल्यांच्या हाताची साल जात असेल आणि मालक "सवय होते" म्हणत असेल, तर तुझ्या हाताचंही त्याला तेवढंच पडलेलं असणार.

पगाराचं विचारायला लाजू नको. आकडा तर विचारच, पण त्याहून आधी विचार की जूननंतर काय काम असेल. आंब्याचा हंगाम संपला की बरेच जण माणूस सोडतात. काजूचं युनिट पावसातही चालतं, कारण बी पोत्यांत भरून ठेवलेलं असतं. नर्सरीला उलट पावसाळ्यातच जास्त माणूस लागतो, कलमं बांधायला आणि विकायला. म्हणून ज्याच्याकडे दोन तरी कामं आहेत, बाग आणि प्रक्रिया, किंवा नर्सरी आणि काजू, अशा ठिकाणी आधी जा. राहायची सोय, प्रॉव्हिडंट फंड, हंगामात सुट्टी कशी, हे सगळं लिहून घे. नेमणुकीचं पत्र देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून मागायचं.

आणि मार्चमध्ये नोकरी मागायला जाऊ नको. त्या दोन ठिकाणी तू कधी गेला होतास ते तू लिहिलं नाहीस, पण हंगाम सुरू झाल्यावर आम्हाला शिकवायला वेळ नसतो, तेव्हा "अनुभव नाही" हे उत्तर आपोआप तोंडातून निघतं. डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हा मोहोर बघायला, सापळे लावायला, फवारणीचं वेळापत्रक सांभाळायला माणूस हवा असतो आणि मालक पण बागेतच फिरत असतो. जाताना रावेची वही बरोबर ने. नीटनेटकी फेअर केलेली नको, शेतावर लिहिलेली ती.